करोल बागेतला जिना

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये रविवारी भाच्याला भेटायला करोल बागेत जातो. तो यूपीएससीची तयारी करतो. इथल्या आणि शेजारच्या ओल्ड राजेंद्र नगरच्या गल्ल्यांत मराठी पोरं बरीच भेटतात.

27 जुलै 2024 च्या संध्याकाळी राजेंद्र नगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. परवानगी होती सामान ठेवण्याची, चालू होती लायब्ररी. नियम माहीत नव्हता असं कोण म्हणेल? महिनाभर आधी एका विद्यार्थ्याने महापालिकेकडे तक्रारही केली होती. त्याआधी, 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे, करोल बागेतच अर्पित पॅलेस हॉटेल पेटलं. 17 माणसं गेली. अग्निशमन दलाचा दाखला होता. गच्चीवर नियमाबाहेरचं उपाहारगृहही होतं.

मालकांना नावं ठेवणं सोपं आहे. लेफ्टनंट असताना फायरिंग रेंजवर उशीर होतोय म्हणून रायफली तपासणं मीच एकदा टाळलं. काही झालं नाही, म्हणून पुन्हा टाळलं. तिसऱ्यांदा आमच्या हवालदाराने सगळ्यांसमोर अडवलं. राग आला, पण रेंजवर धोका दिसला की साधा जवानही फायरिंग थांबवू शकतो. त्या विद्यार्थ्याला तळघर थांबवता येत नव्हतं. तो तक्रारच करू शकत होता.

"मामा, आमची अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर आहे," भाचा म्हणाला.

जिना एकच. त्यात पाण्याचे जार रचलेले. मालकाला सांगून आलो.

पुढच्या रविवारीही जार तिथेच होते.