सासूबाईंच्या वहीतले यूएस-64



परवा स्थानकात प्रवचन सुटल्यावर एकजण म्हणाली, "टेक्नॉलॉजीचे शेअर पडतायत म्हणे. आपलं काय, आपण तर फंडात टाकलंय." मला एकदम 2001 साल आठवलं. हेच वाक्य तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या.

त्याआधी संगणक, दूरसंचार आणि मीडिया कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे वाढले होते. फेब्रुवारी 2000 मध्ये सेन्सेक्सने पहिल्यांदा 6000 चा आकडा पाहिला. 10 मार्चला अमेरिकेतला नॅस्डॅक 5000 च्या वर बंद झाला आणि तिथून जो घसरला, तो ऑक्टोबर 2002 पर्यंत 1100 च्या आसपास आला. आपल्याकडे केतन पारेख यांच्या मर्जीतल्या 'के-10' शेअरांचा फुगा मार्च 2001 मध्ये फुटला. कोलकात्याच्या दलालांना पैसे भरता येईनात, अहमदाबादची माधवपुरा बँक कोसळली, महिनाअखेर पारेखांना अटक झाली. ज्यांनी बदल्यावर, म्हणजे उसन्या पैशावर, सौदे पुढे ढकलले होते, त्यांना ठेवू की विकू हा प्रश्नच उरला नाही. पैसे भरा, नाहीतर दलाल विकून मोकळा.

आमच्या घरात असा सौदा कुणी केला नव्हता. सासूबाईंकडे होती युनिट ट्रस्टची यूएस-64, म्हणजे 1964 पासूनची योजना. बायकांच्या, मुलांच्या नावाने डोळे मिटून घ्यायची वस्तू. सासूबाईंनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं होतं. आनंद श्रावकाने भगवंतांसमोर चार कोटी सुवर्ण ठेव्यात, चार कोटी व्याजात, चार कोटी घरसंसारात अशी मर्यादा बांधली, तशी त्यांचीही एक वही होती. त्यात 'व्याज' या मथळ्याखाली लिहिलेलं होतं: युनिट 2400.

पण ट्रस्टने हळूहळू पैसा शेअरांत वळवला होता, त्यात तेच टेक्नॉलॉजीचे शेअरही होते. आतला खरा भाव जाहीर होत नसे, ट्रस्ट ठरवील तो भाव. एप्रिल-मे 2001 मध्ये मोठ्या कंपन्यांनी चार हजार कोटींहून अधिक रक्कम काढून घेतली, तीही चौदा रुपयांच्या वरच्या भावाने. आणि 2 जुलैला ट्रस्टने सहा महिन्यांसाठी खरेदी-विक्रीच बंद केली. ज्यांना कळलं ते निघाले. ज्यांच्या कपाटात सर्टिफिकेट होतं, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायला मिळालं. मला याचा राग अजून आहे.

ओरड झाल्यावर लहान धारकांना सवलत मिळाली: 3000 युनिटपर्यंत ऑगस्टपासून दहा रुपये, पुढे दरमहा दहा पैसे वाढ, मे 2003 मध्ये बारा. गल्लीतल्या सगळ्यांनी लगेच काढायला रांग लावली. यजमानही फॉर्म घेऊन आले. बी.कॉम. झाल्यावर पंचवीस वर्षं भाकरीच करत होते, पण त्या रात्री मी कागद घेऊन बसले. दहा रुपयांवर महिन्याला दहा पैसे म्हणजे वर्षाला बारा टक्के, आणि भाव आधीच बांधून दिलेला. बँक तेव्हा एवढं देत नव्हती. जे बुडायचं ते बुडालं होतं, आता पळण्यात दुसरं नुकसान होतं. (डिसेंबरअखेर आतला भाव जाहीर झाला, तो होता 5 रुपये 81 पैसे. तो वाचून माझेही हात गार पडले होते.)

सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. त्यांचा वर्षीतप चालू होता. पुढच्या अक्षय तृतीयेच्या पारण्यासाठी त्यांनी हजार युनिट तेवढे काढले, पावणेअकराच्या आसपास. उरलेले 1400 मे 2003 पर्यंत ठेवले. 16,800 रुपये आले.

पैसे आले त्या दिवशी त्यांनी मला वही काढायला लावली. युनिटची ओळ खोडायची होती, पण आधी म्हणाल्या, "सूनबाई, ही 'व्याजा'त चुकीची लिहिली होती. 'व्यापारा'त घे, मग खोड."