व्यावसायिक गोपनीयतेचे करार व कारागिराचे कौशल्य : कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायाच्या संदर्भात

प्रस्तावना :
व्यवसायातील गुपिते बाहेर जाऊ नयेत यासाठी मालक नोकरांकडून गोपनीयतेचा करार लिहून घेतात. गुपित मालकाचे असते, यात वाद नाही. परंतु नोकरीत अंगी बाणलेले कौशल्य कोणाचे? कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ते प्रभात :
बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. चित्रीकरणाचा कॅमेराही त्यांनी येथेच तयार केला; त्या कामी विष्णुपंत दामले यांचे साहाय्य झाले. चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था त्या काळी देशात नव्हती. त्यामुळे कंपनी हीच पाठशाळा ठरली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व व्ही. शांताराम यांनी कंपनी सोडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तेथेच तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र पुढे बंद पडली. गुरूची हानी झाली, पण विद्या वाढली.

कायद्याची भूमिका :
ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार, कायदेशीर धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. इंग्लंडमध्ये १९१६ साली हर्बर्ट मॉरिस खटल्यात, नोकराचे स्वतःचे कौशल्य मालकाला अडवून ठेवता येत नाही, असे तत्त्व मांडले गेले. भारतात १९६७ च्या ‘गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग’ या खटल्यात याची दुसरी बाजू दिसते. कल्याणच्या रेयॉन कारखान्याने टायरच्या धाग्याचे तंत्र परदेशी कंपनीकडून गोपनीयतेच्या अटीवर घेतले होते. पाच वर्षांचा करार केलेला एक कर्मचारी मुदतीपूर्वीच प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली; कारण ती कराराच्या मुदतीपुरती व विशिष्ट कामापुरती मर्यादित होती.

निष्कर्ष :
कॅमेऱ्याची रचना गुपित ठरू शकली असती. दामले-फत्तेलाल यांची दृष्टी व हात मात्र कोणत्याही कराराने बांधता आले नसते. व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा असावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०२४ च्या अहवालात केली. असा कायदा करताना गुपित व कौशल्य यांतील सीमारेषा स्पष्ट आखली पाहिजे. ती पुसट राहिल्यास मालकाचे संरक्षण होईल, परंतु नव्या ‘प्रभात’चा मार्ग बंद होईल.