हळदीचे दाखले

कराडच्या प्रीतिसंगमावरून कृष्णा सांगलीकडे वळते, तो सारा काठ हळदीच्या इतिहासाशी बांधलेला आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवीत. २००५ च्या महापुराने त्यांतील अनेक पेवे निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासातील एक वेगळेच प्रकरण वाचावे, असे आम्हांस वाटते.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. १९९६ साली रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. घरोघरच्या आजीबाईंची साक्ष तेथे चालणारी नव्हती. लिखित शब्द हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील आधार आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख धरून ३२ दाखले सादर झाले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

विजय मोठा खरा. पण तो नेमका कशाचा? ग्रंथांनी सिद्ध केले ते एवढेच, की जखमेवर हळद लावण्याची रीत जुनी आहे. ती किती गुणकारी, हा निवाडा तेथे झालाच नाही. मराठीत 'जखम' हा शब्द कापलेल्या बोटालाही चालतो आणि मज्जारज्जूच्या इजेलाही. या एका शब्दाच्या आधाराने पुष्कळ दावे अलगद पलीकडे जातात.

मज्जारज्जूला मार बसल्यावर पहिल्या आघाताच्या हानीत पुढील दिवसांतली सूज आणि दाह भर घालतात. फोगेल व पेलेतिए यांनी १८१५ साली हळदीतून वेगळे काढलेले करक्युमिन हा दाह कमी करते, असे उंदरांवरील अनेक प्रयोगांत दिसले आहे. परंतु पोटात घेतलेले करक्युमिन रक्तात फार थोडे उतरते आणि लवकर विघटित होते. माणसाच्या मज्जारज्जूवरील सिद्ध औषध ते अद्याप नाही.

ज्या घरातला कर्ता तरुण झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला, त्या घराला हा भेद केवळ पंडिती वाटणार नाही. पहिले मोलाचे तास रुग्णालयाऐवजी लेपात गेले, तर ते परत येत नाहीत. १९९७ साली ज्या काटेकोरपणाने आपण दाखले वाचून दाखविले, त्याच काटेकोरपणाने ते आजही वाचावेत. ग्रंथात आहे त्याचा अभिमान जरूर धरावा. नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.