नांवासाठीं झगडलेला देश

बाल्कन द्वीपकल्पांत समुद्रकिनारा न लाभलेला एक चिमुकला देश आहे. उत्तर मॅसिडोनिया हें त्याचें आजचें नांव. २०२१ च्या शिरगणतींत त्याची वस्ती साडेअठरा लाखांहूनही कमी भरली. युगोस्लाव्हियांतून तो १९९१ सालीं शांतपणें वेगळा झाला; नांवाचा तंटा मात्र पुढें सत्तावीस वर्षें पुरला.

अलेक्झांडरच्या मॅसिडोनियाचा वारसा आपला, असें ग्रीसचें म्हणणें. त्याच्या उत्तर भागाचें नांवही तेंच. म्हणून १९९३ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत हा देश शिरला तो ‘पूर्वीचें युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ या लांबलचक संबोधनानें! पुढल्याच वर्षीं ग्रीसनें व्यापार तोडला. सॅलोनिकाचें बंदर बंद होतांच किनारा नसणें म्हणजे काय, हें तेथील लोकांस कळून चुकलें. १९९५ सालीं ध्वजावरील सूर्यही बदलावा लागला.

घरांतही एकी नव्हती. बहुसंख्य लोक स्लाव्ह भाषा बोलणारे ख्रिस्ती. सुमारें चौथा हिस्सा अल्बेनियन, बहुतेक मुसलमान. कलकत्त्याच्या मदर तेरेसा राजधानी स्कोप्ये येथें, तुर्की अमलांत, १९१० सालीं जन्मल्या त्या मात्र अल्बेनियन कॅथलिक कुटुंबांत. २००१ सालीं अल्बेनियनांचा सशस्त्र उठाव झाला, आणि ओह्रिडच्या करारानें त्यांच्या भाषेस राज्यकारभारांत जागा मिळाली.

ग्रीसशीं समेट २०१८ सालीं प्रेस्पा सरोवराकांठीं झाला, आणि पुढल्या वर्षीं नांवाआधीं ‘उत्तर’ हा शब्द बसला. तोंच २०२० सालीं बल्गेरियानें युरोपीय संघाची वाट अडविली. या वेळीं वाद नांवाचा नव्हता. मॅसिडोनियन ही स्वतंत्र भाषाच नव्हे, असें बल्गेरियाचें म्हणणें होतें.