प्रयोगशाळेचा उंबरठा

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९१४ साली बसविण्यात आली आणि १९१६ साली महाविद्यालय सुरू झाले. त्यामागची विचारसरणी त्या काळाला सहज पटणारी होती. पडद्यात वावरणाऱ्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येण्यास तयार नसत आणि पुरुषांच्या वर्गात मुलींना पाठविण्यास घरची माणसे तयार नसत. तेव्हा स्त्रियांसाठी स्त्रियांचेच महाविद्यालय हवे, असे ठरले. महाराष्ट्राला हा विचार नवा नव्हता. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तीही याच गरजेचा उच्चार करून. स्त्रीरुग्णांना स्त्री डॉक्टर हवी, हे म्हणणे सनातनी मनालाही अगदीच झिडकारता येत नव्हते.

परंतु या मान्यतेला एक मर्यादा होती. स्त्रीची विद्या सेवेच्या रूपाने आली, तर समाज तिला वाट देई. शुश्रूषा, अध्यापन, वैद्यक ही क्षेत्रे तिच्या ‘स्वभावा’ला धरून आहेत असे मानले जाई. निखळ जिज्ञासेपोटी एखाद्या स्त्रीने परीक्षानळी हाती घेतली, तर मात्र तिचे तेथे काय काम, असा प्रश्न उभा राही. हा प्रश्न केवळ अडाणी माणसे विचारीत होती असे नाही. देशातील अग्रगण्य विद्वानही तो विचारीत होते. १९३९ साली याच लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून ज्या रुजू झाल्या, त्या कमला भागवत यांना सहा वर्षांपूर्वी त्याचे उत्तर द्यावे लागले होते.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. घरात रसायनशास्त्राची भाषा रुळलेली होती. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी वडिलांच्याच संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले नव्हते; अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते. नकार देणारे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिकाचे मानकरी.

कमलाबाई तडक बंगळूरला गेल्या आणि प्रवेश का नाही, याचे कारण त्यांनी समक्ष विचारले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. कमलाबाईंनी पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्या अटी अशा होत्या : पहिले वर्ष उमेदवारीचे राहील, संचालकांची खात्री पटेपर्यंत त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्या उपस्थितीमुळे संस्थेतील वातावरण बिघडता कामा नये.

नकारापेक्षा या अटीच अधिक बोलक्या आहेत. पहिल्या तीन अटी कष्टाच्या आहेत. एखाद्या कडक गुरूने त्या कोणत्याही शिष्यावर घातल्या असत्या, असे क्षणभर म्हणता येईल. चौथी अट मात्र कोणत्याही मुलाला घातली गेली नसती. तिथे दुसऱ्याच्या मनाच्या चंचलतेचा जामीन म्हणून विद्यार्थिनीला उभे केले होते. मुलांचे लक्ष विचलित झाले, तर दोष तिचा! नव्या सुनेला उंबरठ्यावरचे माप ओलांडून आत यावे लागते, तसे येथे विद्यार्थिनीला परीक्षेनंतर आणखी एक परीक्षा द्यावी लागत होती आणि तिचा अभ्यासक्रम कोठेच छापलेला नव्हता.

ही दुसरी परीक्षाही कमलाबाई उत्तीर्ण झाल्या. श्रीनिवासय्या यांच्यासारख्या शिस्तप्रिय मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. रामन यांनी आपले मत बदलले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. पण कमलाबाईंच्या मनातील सल गेला नाही. उतारवयातही त्या वागणुकीविषयी त्या स्पष्टपणे बोलल्या. थोर शास्त्रज्ञाची दृष्टीही एखाद्या बाबतीत संकुचित असू शकते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्यासमवेत काम करताना त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम या द्रव्याचा शोध घेतला. अन्नातील ऊर्जा पेशीला उपलब्ध करून देणाऱ्या श्वसनक्रियेत हे लोहयुक्त प्रथिन मधल्या दुव्याचे काम करते. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ते ठाऊक होते. वनस्पतींतही श्वसनाची तीच रीत चालते, हे या कामाने दाखविले. १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हिल आणि भागवत या दोन नावांनी त्यासंबंधीचे टिपण प्रसिद्ध झाले. कमलाबाईंचा पीएच्.डी.चा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

त्याच साली त्या दिल्लीस आल्या. येथे त्यांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली, परंतु ती स्त्रियांसाठी वेगळ्या बांधलेल्या वास्तूत. स्वतंत्र दाराचा लाभ मोठा असतो, यात शंका नाही; त्या दाराने हजारो मुली डॉक्टर झाल्या. तरी सर्वांसाठी असलेले दार त्यामुळे आपोआप रुंद होत नाही. दिल्लीनंतर कमलाबाई कुन्नूरच्या पोषणविषयक प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये आणि तांदळाचे पीठ यांवर दीर्घकाळ संशोधन केले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. त्या संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले, मात्र अंतर्गत राजकारणामुळे बऱ्याच विलंबाने.

बंगळूरचे दार उघडल्यानंतर आत आलेल्यांची कथाही पाहण्यासारखी आहे. १९४० साली अ‍ॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि त्यांनी हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर संशोधन केले. प्रबंध तयार झाला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच्.डी. नाकारली. पुढे त्या भारतीय हवामान खात्यात गेल्या, हवामानमापनाची उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून झटल्या आणि १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. आत आलेल्या स्त्रीलाही पुढल्या दाराशी पुन्हा थांबावे लागे, असा या हकिकतीचा अर्थ.

दिल्ली ही देशाच्या विज्ञानव्यवहाराचीही राजधानी आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या आणि आता ‘इन्सा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीला पहिली स्त्री अध्यक्ष, चंद्रिमा शहा, २०२० साली लाभली. १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी पहिली स्त्री, एन. कलैसेल्वी, २०२२ साली आली. एकीकडे पंचाऐंशी वर्षे, दुसरीकडे ऐंशी. हौज खास येथील आय.आय.टी.सह देशातील सर्व आय.आय.टीं.नी २०१८ सालापासून मुलींसाठी अधिसंख्य जागा ठेवल्या. मुलींचे प्रमाण त्या वर्षी निदान चौदा टक्के आणि २०२० पर्यंत वीस टक्के व्हावे, असे उद्दिष्ट होते. या जागा मूळ जागांत भर घालून निर्माण केलेल्या असल्यामुळे त्यांपायी कोणा मुलाची जागा गेली नाही. पाचांत एक मुलगी असावी, एवढ्यासाठी खास योजना करावी लागली, यावरून ‘यंत्र आणि गणित हा मुलांचा प्रांत’ ही समजूत किती खोल रुजली आहे, ते दिसते.

कमलाबाईंच्या जन्माच्या वर्षीच, १९११ साली, जी संशोधनसंस्था सुरू झाली, तीच पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली. १९९० च्या दशकात डॉ. जी. व्ही. सत्यवती या तिच्या पहिल्या स्त्री महासंचालक झाल्या. त्याच परिषदेने कमलाबाईंचा दिल्लीत सत्कार योजिला. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि लवकरच, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. मान मिळाला, पण फार उशिरा.

कमलाबाईंनी आपले गुणपत्रक दाखवून प्रवेश मागितला होता, सवलत मागितली नव्हती. त्यांच्या विजयाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही : त्यांच्याइतकी जिद्द नसलेली, कारण विचारायला बंगळूरपर्यंत न जाता नकाराचे पत्र घडी करून ठेवून देणारी एखादी मुलगीही तितकीच बुद्धिमान असू शकते. असामान्य स्त्रीला अखेर आत घेतले, हे कोणत्याही संस्थेचे भूषण नव्हे. सामान्य धैर्याच्या, पण उत्तम बुद्धीच्या मुलीला उंबरठ्यावर कोणी अडविले नाही, तर ते दार खरोखर उघडले, असे म्हणता येईल.