सरकारी विमा कंपनीने दावा अडवला तर दाद कुठं मागायची?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि सावित्रीचं महाडमध्ये. दोन्ही गावांत आपल्या लोकांची घरं आणि दुकानं आहेत. पूर ओसरतो, पण विम्याचं काम पुढं कितीतरी महिने चालतं. मालेगाव-भिवंडीत लूमला आग लागली की तिथंही तेच. "कंपनी सरकारी आहे, पैसे बुडणार नाहीत," एवढ्या भरवशावर बरेच जण थांबून राहतात. कंपनीवर देखरेख कोण ठेवतं आणि त्यातली कोणती देखरेख आपल्या कामाची आहे, हे आम्ही इथं एकत्र देत आहोत.

सरकारी कंपन्या कोणत्या?

१९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७३ पासून १०७ विमा व्यवसाय चार कंपन्यांत एकत्र आले: न्यू इंडिया (मुंबई), नॅशनल (कोलकाता), ओरिएंटल (दिल्ली) आणि युनायटेड इंडिया (चेन्नई). न्यू इंडियाचे शेअर आज बाजारात असले तरी मोठा हिस्सा सरकारकडेच आहे. आपल्यापैकी अनेकांचा विमा बँकेच्या कर्जासोबत निघालेला असतो आणि पॉलिसी बँकेच्या फाइलमध्येच पडून असते. तिची प्रत आजच मागून घ्या.

वरची देखरेख

सरकारी कंपनीचे हिशोब कॅगच्या तपासणीखाली येतात आणि अहवाल संसदेत जातो. अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे किंवा कंपनीच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे करता येतात. कुणी 'काहीतरी द्या, मग रिपोर्ट चांगला जाईल' म्हणालं, तर ती तक्रार इथं जाते. हैदराबादचं विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय, सरकारी आणि खाजगी दोन्ही कंपन्यांसाठी नियम करतं आणि सर्व्हेअरला परवानाही तेच देतं.

पण यातलं कुणीही तुमच्या दुकानाचं नुकसान दोन लाख की पाच लाख, हे ठरवून देत नाही. त्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत, आणि त्या तुमच्या लेखी अर्जाशिवाय हलत नाहीत.

दाव्याचं घड्याळ

२०२४ च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. उशीर झाला तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज देणं कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून दावा फोनवर कळवला तरी त्याच दिवशी ईमेल किंवा पोच असलेलं पत्रही द्या. तारीख कागदावर नसेल तर घड्याळ कधी सुरू झालं, हे सिद्ध करणं अवघड जातं.

सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. चिखल काढण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, पंचनाम्याची प्रत ठेवा. अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तो अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात म्हटलं आहे. मिळू न शकणारे कागद मागून दावा अडवू नये, हे २०२२ मध्ये गुरमेल सिंग यांच्या खटल्यात सांगितलं.

कंपनीचं म्हणणं कधी बरोबर असतं?

दुकानात दहा लाखांचा माल आणि विमा पाच लाखांचा, असं असेल तर दोन लाखांच्या नुकसानीला साधारण एकच लाख मिळतो. याला कमी विमा म्हणतात. ५ कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. घरासाठीच्या 'भारत गृह रक्षा'मध्ये ही कपात लागतच नाही. या पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहेत.

आग, पूर, वादळ, भूकंप यांच्याबरोबर दंगलीतलं नुकसानही यांत येतं. मात्र सरकार किंवा अधिकृत यंत्रणेच्या आदेशाने जप्ती किंवा पाडकाम झालं, तर त्याची भरपाई मिळत नाही. दंगलीच्या दाव्यात एफआयआरमध्ये नुकसान नीट लिहिलं आहे ना, हे पाहून घ्या.

दाद मागायच्या पायऱ्या

पहिली: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. सोबत आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करा.

दुसरी: महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. व्यक्ती, एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग इथं जाऊ शकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षात अर्ज द्यावा लागतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तिला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढं जाऊ शकता.

तिसरी: ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. प्रकरण आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवा.

सरकारी कंपनीचा एक जास्तीचा फायदा

माहितीचा अधिकार सरकारी विमा कंपनीला थेट लागू होतो. दहा रुपयांच्या अर्जावर तुमच्या फाइलमधला सर्व्हेअरचा अहवाल, त्यावरचे शेरे आणि दावा कुणी, कोणत्या कारणाने नाकारला, हे मागता येतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाहीतर पहिलं अपील करा. हाच कागद लोकपालांपुढं उपयोगी पडतो, कारण नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढं करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालात म्हटलं आहे.

सही करण्याआधी

"यावर सही करा, चेक लगेच निघेल," असं म्हणून पूर्ण आणि अंतिम रकमेचं व्हाउचर पुढं केलं जातं. रक्कम मान्य नसेल तर आक्षेप ठेवून स्वीकारत असल्याचं त्यावर लिहा आणि त्याच दिवशी ईमेलही करा. दबावाखाली केलेल्या सहीने हक्क संपत नाही, हे न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केलंय, पण दबाव होता हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.

मोहल्ल्यात किंवा जमातीत लिहिता-वाचता येणारी दोन-चार मुलं असतातच. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना सोबत घेऊन प्रत्येक दुकानदाराची पॉलिसी, विम्याची रक्कम आणि संपण्याची तारीख तपासून घ्या. घरातल्या बाईमाणसांनाही पॉलिसी कुठं ठेवली आहे, ते माहीत असू द्या.