लोकांच्या घरांत फौज : एका कायद्याची कथा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धड्यातील चहाच्या पेट्या तेवढ्या आपल्या लक्षात राहतात. फौजेच्या मुक्कामाचा कायदा एका ओळीत संपतो, आणि त्यातही इंग्रज सरकारने लोकांच्या राहत्या घरांत शिपाई घुसवले, असे पुष्कळदा सांगितले जाते. १७६५ च्या कायद्यात तसे नव्हते.

शिपायांनी प्रथम बराकीत राहावे, जागा अपुरी पडल्यास खाणावळी व गुत्ते, तेही भरल्यास रिकामी घरे व कोठारे भाड्याने घ्यावीत, असा तो कायदा. सरपण, मेणबत्त्या, अंथरूण, भांडी, मीठ, फार काय सिरकासुद्धा वसाहतींनी पुरवायचा! खरे दुखणे या खर्चाचे होते. ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही, त्याने हा बोजा का लादावा? न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने पूर्ण खर्च नाकारला, तेव्हा तो मंजूर होईपर्यंत त्याने दुसरा कोणताही कायदा करू नये, असे पार्लमेंटने १७६७ साली फर्मावले.

राहत्या घराची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. इंग्लंडात पहिल्या चार्ल्सने सक्तीचे कर्ज न देणाऱ्यांच्या घरी शिपाई ठेवले होते. १६२८ च्या हक्कांच्या अर्जात शिपाई घरांत ठेवण्याविरुद्ध तक्रार आहे.

बॉस्टनची हकिकत मला सर्वांत बोलकी वाटते. ऑक्टोबर १७६८ मध्ये तेथे पलटणी उतरल्या. प्रांताच्या कौन्सिलने कायद्यावरच बोट ठेवले : बंदरातील बेटावर बराकी आहेत, आधी त्या भरा. अधिकाऱ्यांना तर फौज शहरातच हवी होती. प्रांताच्या मालकीच्या विणकामाच्या जुन्या इमारतीत काही कुटुंबे राहत होती. ती खाली करण्याचा हुकूम निघताच एलिशा ब्राऊन नावाच्या भाडेकरूने दारे लावून घेतली. शेरीफने शिपायांचा पहारा बसवला, पण थोड्याच दिवसांत तो उठवावा लागला, आणि भाडे मोजून गोदामे घेण्याची पाळी आली. ब्राऊन इमारतीचा मालक नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

कारण १७९१ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीत शब्द आहे तो ‘मालक’. शांततेच्या काळात मालकाच्या संमतीवाचून कोणत्याही घरात शिपाई ठेवता येत नाही, युद्धकाळातही कायद्याने ठरेल त्याच रीतीने. मग भाडेकरूचे काय? १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील तुरुंगरक्षक संपावर गेले. त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत नॅशनल गार्डचे जवान ठेवण्यात आले. १९८२ साली अपील न्यायालयाने हे संरक्षण भाडेकरूलाही आहे असे मानले. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही. संपाच्या वेळी हा हक्क स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नव्हता, म्हणून अधिकारी सुटले.